सबातो मोराईस : संस्थापक कोण, हे ठरवायचं कशावरून?

एका वाचक बाईंनी विचारलं आहे, ते थोडक्यात असं : ‘मी कोकण-मुंबईतल्या बेने इस्राएल या ज्यू समाजावर दिवाळी अंकासाठी लेख लिहिते आहे. त्यात ज्यू धर्मगुरूंचं शिक्षण कुठे आणि कसं होतं, असा एक भाग आहे. न्यूयॉर्कच्या ज्यूइश थिऑलॉजिकल सेमिनरीबद्दल, म्हणजे धर्मगुरू घडवणाऱ्या तिथल्या कॉलेजबद्दल, वाचताना सगळा प्रकाश सोलोमन शेख्टर यांच्यावर दिसतो. मग मध्येच कुठेतरी सबातो मोराईस हे नाव येतं. खरे संस्थापक कोण? मोराईसांना विस्मृत संस्थापक म्हणणं योग्य, की ही मागाहून केलेली भरपाई? आणि असा निर्णय घेताना काय बघायचं?’

आधी सरळ उत्तर देतो. संस्थापक मोराईस. शेख्टरांनी ती संस्था मोठी केली, तिला विद्वत्तेची प्रतिष्ठा मिळवून दिली, हे शंभर टक्के खरं. पण ते 1902 साली न्यूयॉर्कला आले तेव्हा संस्था पंधरा-सोळा वर्षांची होती. मोराईस 1897 सालीच वारले होते. तारखा इतक्या स्वच्छ असताना घोळ का होतो, हा तुमच्या प्रश्नातला खरा रस आहे. संस्थांची जुनी दप्तरं लावण्यात आणि त्यांचे शताब्दी ग्रंथ संपादित करण्यात माझं आयुष्य गेलं, त्यावरून सांगतो : संस्थापकाचं नाव शत्रू पुसत नाहीत. शत्रू तर उलट ते जिवंत ठेवतात, शिव्या देण्यासाठी का होईना. नाव मागे पडतं ते वारसांमुळे. ज्यांच्या हाती संस्था जाते त्यांना तो माणूस अडचणीचा होतो किंवा निरुपयोगी होतो. मोराईसांच्या बाबतीत दोन्ही झालं.

माणूस कोण होता ते आधी बघू. सबातो मोराईस यांचा जन्म 1823 सालचा, इटलीतल्या लिव्होर्नो बंदरातला. स्पेन-पोर्तुगालमधून हाकलल्या गेलेल्या ज्यूंच्या वंशजांची तिथे जुनी वस्ती. हिब्रू पक्कं, इटालियन मातृभाषा, आणि इटलीच्या एकीकरणाचं वारं अंगात भरलेलं. 1846 साली ते लंडनला गेले आणि तिथल्या स्पॅनिश-पोर्तुगीज ज्यूंच्या अनाथ मुलांच्या शाळेत हिब्रू शिकवू लागले. लंडनच्या त्या वर्षांत त्यांचा जोसेफ मॅझिनीशी परिचय झाला. मॅझिनी हे नाव मराठी वाचकाला सावरकरांमुळे चांगलं माहीत आहे. तोच हा मॅझिनी, परागंदा अवस्थेतला. मोराईसांच्या डोक्यात धर्मनिष्ठा आणि प्रजासत्ताकवाद एकाच वेळी नांदत होते आणि त्यांना त्यात काही विसंगत वाटत नव्हतं. हे लक्षात ठेवा, पुढे कामाला येईल.

1851 साली ते फिलाडेल्फियाच्या मिकवेह इस्राएल या सिनेगॉगमध्ये, म्हणजे ज्यू प्रार्थनामंदिरात, हझान (प्रार्थना चालवणारे) म्हणून रुजू झाले आणि मरेपर्यंत, म्हणजे 46 वर्षं, तिथेच राहिले. तुमच्या लेखासाठी हा तपशील महत्त्वाचा आहे. बेने इस्राएल समाजात पिढ्यान्‌पिढ्या स्वतःचे रब्बी, म्हणजे शिकून दीक्षा घेतलेले धर्मगुरू, नव्हते; प्रार्थना चालवायची ती हझानने, आणि त्यांची उपासनेची पद्धतही सेफार्दी, म्हणजे स्पेन-पोर्तुगालकडच्या ज्यूंच्या, वळणाची. मोराईसही हुद्द्याने हझानच होते. त्यांच्या आधी त्याच जागेवर असलेले आयझॅक लीसर हेसुद्धा. म्हणजे अमेरिकेत रब्बी घडवणारी शाळा काढण्याची खटपट ज्या दोघांनी पहिल्यांदा मनापासून केली, ते दोघेही एकाच सिनेगॉगचे हझान होते. मुंबई-पनवेल-अलिबागच्या वाचकाला हे सांगितलंत तर तो परका विषय एकदम जवळचा वाटेल.

लीसरांचा उल्लेख लेखात टाळू नका. 1867 साली फिलाडेल्फियात मायमोनिडीस कॉलेज निघालं, ते त्यांच्या पुढाकाराने. रब्बी घडवणारं अमेरिकेतलं हे पहिलं कॉलेज. लीसर पुढच्याच वर्षी गेले, मोराईस तिथे बायबल शिकवत राहिले, आणि 1873 साली पैसा आणि विद्यार्थी दोन्ही आटल्यावर ते बंद पडलं. संस्था बंद पडल्या की त्यांच्या संस्थापकांवर कोणी भांडत नाही, म्हणून लीसरांच्या वाट्याला हा वाद आला नाही, एवढंच. पण मोराईसांनी पुढे जे केलं त्याची तालीम इथे झाली होती. विद्यार्थी कुठून आणायचे, सिनेगॉगांकडून वर्गणी कशी काढायची, बाहेरगावच्या शिक्षकावर किती अवलंबून राहायचं, हे सगळं त्यांनी आतून बघितलं होतं.

मोराईसांच्या स्वभावाचा एक प्रसंग सांगितल्याशिवाय पुढे जाववत नाही. अमेरिकेतल्या यादवी युद्धाच्या काळात ते व्यासपीठावरून गुलामगिरीविरुद्ध आणि लिंकनच्या बाजूने बोलत. सिनेगॉगच्या कार्यकारिणीतल्या काही मंडळींचे व्यापारी आणि घरगुती संबंध दक्षिणेत होते. त्यांना हे रुचेना. त्यांनी मोराईसांच्या प्रवचनांवर बंदी घातली. प्रार्थना चालवा, बोलायचं नाही. पगारी हझानने अशा वेळी काय करायचं असतं ते आपल्याकडच्या कुठल्याही संस्थेच्या नोकरदाराला विचारा. मोराईस बधले नाहीत आणि काही काळाने बंदी उठवावी लागली. शहरातल्या युनियन लीग या लिंकनवादी मंडळाने त्यांना मानद सदस्य करून घेतलं. नंतरच्या काळात रशियातून आलेल्या गरीब ज्यूंसाठी न्यू जर्सीत शेतीच्या वसाहती उभ्या राहिल्या तेव्हा त्यांनी त्यांची बाजू उचलून धरली, आणि 1890 साली फिलाडेल्फियातल्या शिवणकामगारांचा संप झाला तेव्हा कामगार आणि मालक यांच्यात मध्यस्थी केली. ज्याला हल्ली आपण सरसकट ‘कट्टर’ म्हणून मोकळे होतो, त्या गोटातला हा माणूस.

आता सेमिनरीकडे. लोकप्रिय कथा अशी आहे की 1883 सालच्या एका जेवणावळीतून ती जन्मली. कथा रंगतदार आहे म्हणून सगळे सांगतात. सिनसिनाटीला सुधारणावादी ज्यूंचे पुढारी आयझॅक मेयर वाइज यांनी 1875 साली हिब्रू युनियन कॉलेज काढलं होतं. 11 जुलै 1883 रोजी तिथल्या पहिल्या चार रब्बींना दीक्षा मिळाली आणि हायलँड हाउस नावाच्या जागी मेजवानी झाली. पाहुणे देशभरातून आलेले, त्यांत जुन्या वळणाचेही बरेच. ताटात काय आलं? शिंपले, खेकडे, कोळंबी, बेडकाच्या तंगड्या. शिवाय मांसाहारानंतर आइस्क्रीम. ज्यू आहारनियमांत यातलं काहीच बसत नाही. गंमत म्हणजे डुकराचं मांस मात्र नव्हतं. तेवढी लाज यजमानांनी राखली होती, किंवा तेवढीच त्यांना आठवली होती. काही पाहुणे उठून गेले. वर्तमानपत्रांत महिनोन्‌महिने गदारोळ चालला. इतिहासात ही ‘ट्रेफा बँक्वेट’ म्हणून ओळखली जाते. ट्रेफा म्हणजे निषिद्ध अन्न.

पण मेजवानी 1883 ची आणि सेमिनरीची संस्था 1886 ची. अडीच वर्षं मधे गेली. केवळ खेकड्यांमुळे कॉलेज निघत नाही. मोराईस तोवर वाइज यांच्या कॉलेजशी संबंध ठेवून होते. एकाच कॉलेजात सगळ्या वळणांचे रब्बी तयार होतील ही आशा त्यांनी लवकर सोडली नव्हती. ती सुटली नोव्हेंबर 1885 मध्ये. पिट्सबर्गला सुधारणावादी रब्बींची परिषद भरली, वाइज अध्यक्ष होते, आणि आठ कलमांचा जाहीरनामा निघाला. आहाराचे आणि पोशाखाचे मोझेसकालीन नियम आज बंधनकारक नाहीत, पॅलेस्टाइनला परतण्याची अपेक्षा आम्ही ठेवत नाही, आम्ही राष्ट्र नसून धार्मिक समुदाय आहोत, अशा अर्थाची ती कलमं. जेवणातली चूक ‘आचाऱ्याचा घोटाळा’ म्हणून पोटात घालता आली असती. लेखी जाहीरनाम्याला तशी सोय नव्हती. तेव्हा तुमच्या लेखात मेजवानी जरूर घ्या, वाचकाला आवडेल, पण निर्णायक वळण पिट्सबर्गचं आहे असं स्पष्ट लिहा.

जानेवारी 1886 च्या अखेरीस न्यूयॉर्कच्या शिअरिथ इस्राएल या सिनेगॉगमध्ये बैठक झाली आणि ज्यूइश थिऑलॉजिकल सेमिनरी असोसिएशन स्थापन झाली. यजमान होते तिथले हेन्री परेरा मेंडेस. पुढाकार आणि अधिकार मोराईसांचा. मोराईसांच्या मनात नाव होतं ‘ऑर्थोडॉक्स सेमिनरी’, म्हणजे जुने धर्मनियम पूर्ण पाळणाऱ्यांची. हंगेरीतून नुकतेच आलेले, तालमूद या ज्यू धर्मशास्त्रग्रंथाचे मोठे पंडित अलेक्झांडर कोहुट यांनी जर्मनीतल्या ब्रेस्लाउच्या सेमिनरीसारखं नाव सुचवलं आणि तेच राहिलं. 1887 च्या जानेवारीत एकोणिसाव्या रस्त्यावरच्या त्या सिनेगॉगच्याच खोल्यांत मूठभर मुलांना घेऊन वर्ग सुरू झाले. बहुतेक मुलं पूर्व युरोपातून आलेल्या गरीब घरांतली. मोराईस अध्यापकांचे अध्यक्ष झाले आणि मरेपर्यंत राहिले. हे करताना त्यांनी फिलाडेल्फियाचं काम सोडलं नाही. साठी ओलांडलेला हा माणूस आगगाडीने न्यूयॉर्कला येऊन बायबल शिकवायचा आणि शब्बाथच्या, म्हणजे शनिवारच्या विश्रांतिदिवसाच्या, आत परत जायचा.

संस्थेचा कारभार मात्र सदैव ओढाताणीचा. वर्गणीदार सिनेगॉगांचे प्रतिनिधी अधूनमधून जमायचे, ठराव व्हायचे, पैसे कमीच यायचे. वर्ग आधी सिनेगॉगच्या खोल्यांत, मग कूपर युनियनमध्ये, मग लेक्सिंग्टन अव्हेन्यूवरच्या एका घरात. पहिला पदवीधर 1894 साली बाहेर पडला : जोसेफ हर्ट्‌झ. हेच हर्ट्‌झ 1913 साली ब्रिटिश साम्राज्याचे प्रमुख रब्बी झाले. कागदोपत्री त्या साम्राज्यात आपली मुंबईही होती. आणि 1893 साली दाखल झालेला एक पोरगा म्हणजे मॉर्डेकाय कॅप्लन, पुढे विसाव्या शतकातल्या ज्यू विचारवंतांतला सगळ्यात बंडखोरांपैकी एक. ‘जुनी सेमिनरी नावापुरती होती, खरी संस्था शेख्टरांनी काढली’ असं कोणी म्हणालं, तर ही दोन नावं पुढे करा. नावापुरत्या संस्थेतून अशी माणसं निघत नाहीत.

1894 साली कोहुट गेले, 1897 साली मोराईस, 1901 साली व्यवस्थापनाचे अध्यक्ष जोसेफ ब्लुमेंथाल. संस्था मरणपंथाला लागली. तिला वाचवलं सायरस अ‍ॅडलर यांनी. ते मोराईसांच्याच हाताखाली शिकलेले, मिकवेह इस्राएलमध्ये वाढलेले. त्यांनी जेकब शिफ, लुई मार्शल अशा धनाढ्य आणि वजनदार मंडळींना गाठलं. हे लोक स्वतः सुधारणावादी मंदिराचे सभासद. त्यांना जुन्या वळणाच्या धर्माचं प्रेम होतं असं नाही. लोअर ईस्ट साइडवर लाखोंनी उतरणाऱ्या रशियन ज्यूंना अमेरिकन वळण लावणारे, इंग्रजीत बोलणारे आणि तरीही त्या लोकांना चालतील असे रब्बी त्यांना हवे होते. मोठा निधी उभा राहिला. केंब्रिजहून शेख्टरांना बोलावलं गेलं. कैरोच्या गेनिझातली, म्हणजे सिनेगॉगच्या जुन्या कागदांच्या कोठडीतली, हजारो हिब्रू हस्तलिखितं उजेडात आणल्यामुळे त्यांचं नाव जगभर गाजत होतं. शिफ यांनी 123व्या रस्त्यावर इमारत दिली. आणि नवी कायदेशीर संस्था उभी राहिली : ज्यूइश थिऑलॉजिकल सेमिनरी ऑफ अमेरिका. जुनी असोसिएशन तिच्यात विलीन झाली.

ही जागा बारकाईने बघा. असा घोळ होतो तो नेमका इथे. नवी नोंदणी झाली की नवं विश्वस्त मंडळ येतं, नव्या इतिवृत्ताची वही पहिल्या पानापासून सुरू होते, आणि पुढे शंभर वर्षांनी स्मरणिका लिहायला बसलेला माणूस तीच वही उघडतो. त्याआधीचं एखाद्या जुन्या पेटीत, बहुधा दुसऱ्याच गावात. मोराईसांच्या बाबतीत तर शब्दशः दुसऱ्या गावात. संस्था न्यूयॉर्कची आणि त्यांची महत्त्वाची कागदपत्रं फिलाडेल्फियात. त्यातली एक वस्तू तुम्ही आवर्जून बघावी अशी आहे, आता तिची छायाचित्रं इंटरनेटवरही मिळतात : हिशेबाची भलीमोठी खतावणी, आणि तिच्या पानांवर मोराईसांनी स्वतःच्या वर्तमानपत्री लेखांची, प्रवचनांची, पत्रांची कात्रणं ओळीने चिकटवलेली. रकाने जमाखर्चाचे आणि वर छापील मजकुराच्या अरुंद पट्ट्या एकमेकींना खेटून. ती आज पेन्सिल्व्हानिया विद्यापीठाच्या ग्रंथालयात आहे. मोराईसांनी जाडजूड ग्रंथ मागे ठेवले नाहीत. त्यांचं लिखाण साप्ताहिकांत विखुरलेलं, आणि साप्ताहिकांत विखुरलेला माणूस ग्रंथसूचीत सापडत नाही. शेख्टरांचे निबंध पुस्तकरूपाने कपाटात उभे. संशोधकाचा हात आधी कपाटाकडे जातो, हे मनुष्यस्वभावाला धरून आहे.

पण कागद हे अर्धंच कारण झालं. दुसरं वारसांचं.

शेख्टरांनी 1913 साली युनायटेड सिनेगॉग ऑफ अमेरिका ही संघटना काढली आणि सेमिनरीभोवती हळूहळू सुधारणावादी आणि ऑर्थोडॉक्स यांच्या मधला एक स्वतंत्र पंथ तयार झाला, त्याला कॉन्झर्व्हेटिव्ह म्हणतात. या पंथाला मूळपुरुष हवा होता, तो आधुनिक विद्यापीठीय पंडित असलेला बरा. मोराईस त्यात बसेनात. ते स्वतःला ऑर्थोडॉक्स म्हणवत होते, त्यांना तिसरा पंथ काढायचा नव्हता. मग ऑर्थोडॉक्स मंडळींनी त्यांना उचलून धरायला हवं होतं, नाही का? तिथेही वाट बंद. 1902 साली पूर्व युरोपीय रब्बींनी आपली वेगळी संघटना बांधली, आणि 1904 साली तिने सेमिनरीच्या पदवीधरांना रब्बी मानायला जाहीर नकार दिला. ज्या संस्थेला आपण वाळीत टाकलं तिच्या संस्थापकाची जयंती कोण साजरी करणार? मेंडेसांचं नाव ऑर्थोडॉक्स बाजूला टिकलं, कारण 1898 साली निघालेल्या ऑर्थोडॉक्स युनियनचे ते पहिले अध्यक्ष. मोराईसांना असा दुसरा दाखला नव्हता. युनियन निघण्याच्या आदल्याच वर्षी ते वारले होते. म्हणजे एका घराला ते जास्त जुने वाटले आणि दुसऱ्याला त्यांचं पोरगं वाया गेलेलं. दोन्ही घरांत तसबीर लागली नाही.

स्मृती टिकते ती नावं देण्यातून, हेही इथे स्वच्छ दिसतं. अमेरिकेत कॉन्झर्व्हेटिव्ह पंथाच्या कितीतरी शाळांचं नाव ‘सोलोमन शेख्टर डे स्कूल’. रोज सकाळी बसमधून उतरणाऱ्या मुलाच्या दप्तरावर शेख्टर लिहिलेलं असतं. मोराईसांचं नाव कोणाच्या दप्तरावर आहे?

असाच एक दाखला तुमच्या स्वतःच्या विषयात आहे, तो सोडू नका. मुंबईत बेने इस्राएल मुलांसाठी 1875 साली इस्राएलाइट स्कूल काढलं हाईम सॅम्युएल केहिमकर यांनी. आज माझगावची ती शाळा सर एली कदूरी यांच्या नावाने ओळखली जाते. कदूरी मूळचे बगदादचे, पूर्व आशियात धंदा करून श्रीमंत झालेले आणि सढळ हाताचे देणगीदार. त्यांच्या पैशाविना शाळा टिकली नसती हेही मान्य. कोणी कट केला नाही, कोणी अन्याय केला नाही. देणगी आली, पाटी बदलली. त्याच केहिमकरांनी आपल्या समाजाचा इतिहास 1897 साली लिहून पूर्ण केला आणि तो छापला गेला 1937 साली, तोही तेल अवीवला. लेखक तोवर हयात नव्हते. याउलट सॅम्युएल दिवेकरांचं बघा. टिपूच्या कैदेतून सुटून आल्यावर त्यांनी 1796 साली मुंबईतलं पहिलं सिनेगॉग बांधलं, आणि मशीद बंदरजवळच्या त्या गल्लीला सॅम्युएल स्ट्रीट नाव पडलं. रस्त्याचं नाव पडलं की माणूस सुटला.

युरोपातही हेच आढळतं. आधुनिक पद्धतीचं पहिलं रब्बी कॉलेज इटलीत पादुआला 1829 साली उघडलं. त्याचं नाव काढलं की सॅम्युएल डेव्हिड लुझ्झातो आठवतात, कारण ते तिथले थोर अध्यापक. कॉलेज असावं म्हणून आधी लेखणी झिजवली ती गोरिझियाच्या आयझॅक सॅम्युएल रेज्जो यांनी. शिकवणाऱ्याला शिष्य असतात, शिष्य आठवणी लिहितात. खटपट करणाऱ्याला फक्त पत्रव्यवहार असतो.

आता तुमचा शेवटचा भाग, कशावरून ठरवायचं. मी एक ढोबळ कसोटी वापरतो : हा माणूस त्या वर्षी बाजूला झाला असता तर काय झालं असतं? मेंडेस नसते तर वर्ग दुसऱ्या सिनेगॉगमध्ये भरले असते. कोहुट नसते तर अभ्यासक्रम पातळ झाला असता. मोराईस नसते तर 1886 च्या बैठकीला कोणी कोणाला बोलावलं असतं? त्या मंडळींत सेफार्दी होते, जर्मन होते, हंगेरियन होते, एकमेकांच्या प्रार्थनापद्धतीवर नाक मुरडणारे होते. या सगळ्यांना ज्याचा शब्द मोडवत नव्हता असा माणूस एकच, आणि तो पंडित म्हणून नव्हे तर चारित्र्याच्या बळावर. शेख्टर नसते तर? संस्था 1902 नंतर बहुधा बंद पडली असती. हेही तितकंच ठाम लिहा. पण बंद पडायला आधी ती असावी लागते.

दुसरं, संस्थेला तिच्याच तोंडून बोलू द्या. सेमिनरी स्वतःचं वय कधीपासून मोजते? तिने शताब्दी साजरी केली ती 1986-87 मध्ये, 2002 मध्ये नाही. वय मोराईसांच्या सालापासून मोजायचं आणि बापाच्या जागी शेख्टरांचं नाव लावायचं, ही कसरत फार काळ चालत नाही. ज्यांना शेख्टर संस्थापक हवे आहेत त्यांनी संस्थेचं वय सोळा वर्षांनी कमी करून दाखवावं. सहसा कोणी तयार होत नाही.

तिसरी गोष्ट सावधगिरीची. विसरलेला संस्थापक सापडला की त्याला आजच्या कपड्यांत उभा करण्याचा मोह होतो. मोराईसांचं तेही झालं. विसाव्या शतकाच्या मध्याला मोशे डेव्हिस या इतिहासकाराने त्यांना आणि त्यांच्या सहकाऱ्यांना कॉन्झर्व्हेटिव्ह पंथाच्या उगमाशी मानाने बसवलं. काम मोठं होतं, त्यामुळे मोराईस पुन्हा चर्चेत आले. पण टीकाही झाली, आणि माझ्या मते ती रास्त होती : ही माणसं ऑर्थोडॉक्सच होती, त्यांना नंतरच्या पंथाचं लेबल लावणं म्हणजे उलट्या दिशेने वंशावळ लिहिणं. पुढच्या पिढीच्या अभ्यासकांनी, विशेषतः आर्थर किरॉन यांनी, मोराईसांना लिव्होर्नो आणि मॅझिनीच्या संदर्भात परत नेऊन ठेवलं. तिथे ते नीट बसतात. धर्म पाळायचा तो पूर्ण, आणि जगाशी बोलायचं ते मोकळेपणाने, ही इटलीतल्या सेफार्दी ज्यूंची जुनी रीत होती. अमेरिकेत येऊन त्यांनी ती शोधून काढली नाही. सगळे वाद पूर्व युरोपीय आणि जर्मन चष्म्यातून बघितले गेले, आणि त्या चष्म्यात इटालियन माणूस दिसतच नाही. बेने इस्राएलांवर लिहिणाऱ्याला हे वेगळं समजावून सांगायला नको.

आणि एक, ‘विस्मृत’ हा शब्द जपून वापरा. मोराईस त्यांच्या हयातीत विस्मृत नव्हते. 1887 साली पेन्सिल्व्हानिया विद्यापीठाने त्यांना मानद डॉक्टरेट दिली होती, आणि ते गेले तेव्हा ज्या स्थलांतरित कामगारांशी त्यांची भाषाही जुळत नव्हती तेही त्यांच्या अंत्ययात्रेला लोटले होते. आज सेमिनरीचा इतिहास सांगणारी कुठलीही जबाबदार मांडणी त्यांचं नाव घेते. ते एखाद्या परिच्छेदात, प्रस्तावनेसारखं येतं आणि प्रकरण शेख्टरांवर उघडतं, तक्रार एवढीच. तेव्हा ‘दुर्लक्षित’ म्हणा, ‘दडपलेला’ म्हणू नका. दडपणारा दाखवता आला नाही तर तो शब्द लेखाला महागात पडतो.

तुम्ही चौकट करणार असाल तर मजकूर असा ठेवता येईल : ‘ज्यूइश थिऑलॉजिकल सेमिनरी, न्यूयॉर्क. स्थापना 1886, फिलाडेल्फियाच्या मिकवेह इस्राएल सिनेगॉगचे हझान सबातो मोराईस यांच्या पुढाकाराने, हेन्री परेरा मेंडेस व अलेक्झांडर कोहुट यांच्या साथीने. 1902 मध्ये सायरस अ‍ॅडलर यांच्या खटपटीने पुनर्रचना. सोलोमन शेख्टर प्रमुख.’ मोराईसांचं छायाचित्र मिळालं तर शेख्टरांच्या शेजारी, त्याच मापाचं छापा. आणि मुद्रितं तपासताना ‘हझान’ हा शब्द कोणी ‘रब्बी’ करत नाही ना, ते स्वतः बघा. संपादकांना अशा ठिकाणी बढती देण्याची सवय असते.